दयाबाईंचे पूर्ण वाक्य

भिंगारच्या आमच्या साक्षरता वर्गात दयाबाई माझ्या शेजारी बसतात. त्यांचे वय बासष्ट आहे. छावणीतील साहेबांच्या घरी त्यांनी तीस वर्षे भांडी घासली. वर्गाच्या शिक्षिका रेश्माताई यांचा एक नियम आहे. एका शब्दात उत्तर द्यायचे नाही, पूर्ण वाक्यात द्यायचे. हा नियम दयाबाईंनी आम्हा सर्वांपेक्षा मनापासून पाळला. त्यातून काय घडले, ते मी येथे लिहीत आहे.

दयाबाईंची मुलगी एंजेला संगमनेरला नांदत होती. नवरा रॉबिन तिला मारत असे. गेल्या उन्हाळ्यात ती घर सोडून निघाली व कोल्हारला, शिवणकाम शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात लपून राहिली. हे दयाबाई, रेश्माताई व मी, एवढ्या तिघींनाच ठाऊक होते. रॉबिन भिंगारला दोनदा येऊन गेला. "सापडली की जित्ती सोडनार न्हाई," असे तो दारात उभा राहून म्हणाला.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या नाताळात रॉबिननेच सासूबाईंना टीव्हीला जोडायची एक काळी पेटी आणून दिली होती. पेटी स्वस्तातली होती. तिच्यावर कंपनीचे नावही नव्हते. "माझंच खातं टाकून दिलंय, आई. तुमी फक्त रिमोटचं हे बटन दाबायचं आन बोलायचं," असे त्याने सांगितले होते. पुढे जावई वाईट निघाला, पण पेटी टीव्हीखाली तशीच राहिली. वस्तूचा काय दोष, असे मलाही वाटले.

एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. कोल्हारच्या चर्चमधील प्रार्थना व्हिडिओवर दिसते व तेथे एंजेला गाते, असे त्यांना कळले होते. दयाबाईंनी पदर सावरला, रिमोट तोंडाजवळ धरला व त्या सावकाश म्हणाल्या, "माझी मुलगी एंजेला कोल्हारच्या चर्चमध्ये गाते. कृपया ती प्रार्थना मला दाखवावी."

"अगं दया, नुसतं कोल्हार चर्च म्हन की!" मला हसू आले.

"वा गं वा, लंकाबाई! ताई काय म्हनतील? पूर्ण वाक्य!"

प्रार्थना दिसली. एंजेला मागच्या रांगेत उभी होती. दयाबाईंनी टीव्हीच्या काचेवरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली.

मंगळवारी आम्ही दोघी वर्गात पोहोचलो, तोच त्यांचा फोन वाजला. त्या नेहमी फोनचा स्पीकर लावून बोलतात. रॉबिन होता.

"माझी मुलगी एंजेला कोल्हारच्या चर्चमध्ये गाते. कृपया ती प्रार्थना मला दाखवावी." त्याने धडा वाचावा तसे वाचले. एकही शब्द चुकला नाही. "झकास वाक्य हाय, आई. परीक्षेत पहिला नंबर येनार तुमचा."

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमीच की. पेटीला जे बोलता, ते समदं माझ्या मोबाईलमदी येतं. बघायचं राहून गेल्तं. आता निगालोच हाय."

संगमनेरहून कोल्हार तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. रेश्माताईंनी तत्काळ वसतिगृहात फोन लावला. एंजेला अंगावरच्या कपड्यांनिशी मागच्या दाराने बाहेर पडली व अर्ध्या-पाऊण तासाने मिळाली त्या एसटीत बसली. त्यानंतर वीस मिनिटांनी रॉबिन चर्चमध्ये चौकशी करून तेथे पोहोचला.

मग रेश्माताईंनी दयाबाईंच्या घरी येऊन टीव्ही लावला व पेटीत साठलेल्या नोंदी उघडून दाखवल्या. पडद्यावर वाक्यांची लांबच लांब यादी आली. त्यात एक असेही होते: "मला घरी एकटीला भीती वाटते, एक गीत लावावे." खाते ज्याचे, त्याच्याकडे हे सारे जमा होते, असे ताईंनी सांगितले. नाव नसलेली ही पेटी आणखी कोणाला काय पाठवते, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. त्यांनी वायर उपटली.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "आई, मी पोचले. हे गाव—"

"नाव घेऊ नको!" दयाबाई ओरडल्या. "मला सांगूच नको." त्यांनी फोन बंद केला व बंद टीव्हीवर चादर टाकली.

अजूनही रॉबिनची मोटारसायकल अधूनमधून आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी दिसते. परवा वर्गात फळ्यावर प्रश्न होता: तुमची मुले कोठे राहतात? दयाबाईंची पाळी आली. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिले.

"ठाऊक न्हाई," एवढेच त्या म्हणाल्या.

रेश्माताईंनी त्यांना पूर्ण वाक्य करायला सांगितले नाही.