चिंचेने घासलेली घंटा

आमच्या गावचं जुनं बंबघर पडावं, ही इच्छा साऱ्या गावात एकाच माणसाच्या पोटात दहा वर्षं धुमसत होती. तो माणूस मी.

बंबघर, म्हणजे आगीचा बंब ठेवायची जागा, इंग्रजांच्या वेळचं. कापूस बाजाराला लागून, कौलारू, पुढे दोन कमानी आणि मधे पितळी घंटा. एक टोला पडला की आग बाजारात, दोन पडले की कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे, तीन म्हणजे कडब्याच्या गंज्यांकडे. टोले सुरू झाले की गाव हातातलं काम टाकून मोजत बसे. आणि रिवाज असा की, खोटी घंटा वाजवणाऱ्याने ती चिंचेने घासून लखलखीत करायची. तीही बाजाराच्या दिवशी, चारचौघांत.

सत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. मी नगरपालिकेत नुकताच बाबू म्हणून चिकटलो होतो. एका दुपारी जिनिंगच्या अंगाला काळा धूर दिसला. धावलो आणि घाईघाईत पाच टोले हाणले. पाच टोल्यांची आग गावात कुठेच नसल्यामुळे माणसं वाट्टेल तिकडे पळाली. धूर निघाला एका लग्नघरचा. आचाऱ्याने भट्टीत ओली बाभळ घातली होती. बंब अंगावर येताना पाहून तो असा दचकला की वांग्याच्या भाजीचं पातेलं उपडं झालं.

बंबघर सांभाळणाऱ्या जमादाराने माझ्या हातात चिंचेचा गोळा ठेवला. "बाबू, धूर पाहून घंटा वाजवतं, तं तुह्या मायनं चूल पेटवली का रोजच वाजवशीन."

बाजाराच्या दिवशी मी कोपरापर्यंत बाह्या सारून घासत होतो. नेमके त्याच दिवशी आंजीहून दोन पाहुणे माझी चौकशी करायला आलेले. मुलीचे वडील आणि मामा. मामाने जमादारालाच विचारलं, "तो पोरगा नगरपालिकेत कोन्त्या कामावर हाय जी?"

"सध्या घंटा घासाच्या," जमादार म्हणाला.

पाहुणे चहासुद्धा न घेता आंजीच्या बसमध्ये बसले. बाजार हसला त्याचं मला काही नाही. जमादार खांबाला धरून हसला, ते मी गाठीशी बांधून ठेवलं. पुढे तळेगावची मुलगी मिळाली, संसार झाला, पण गाठ सुटली नाही.

ऐंशी साल उलटल्यावर नगरपालिकेने ठरवलं, बंबघर पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे. पाहणीचा अहवाल लिहायचं काम माझ्या टेबलावर आलं. बंबघराच्या मागच्या खोलीत जमादाराचा संसार होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगतो, तेच आठवून मी पेनात शाई भरली.

तीन दिवस मी त्या इमारतीचे दोष वेचत होतो. जमादार टेप धरायला उभा. "बाबू, लिहिजो बरं सारं," म्हणायचा. मी सारं लिहिलं. बंब माणसं ओढत होती त्या काळात चाकांनी फरशीत दोन चर पाडले आहेत, सबब फरशी निकामी. सागाचे वासे इतके जुने की खिळा शिरत नाही, सबब दुरुस्ती अशक्य. मागल्या भिंतीवर प्रत्येक मोठ्या आगीची एकेक डांबराची रेघ आहे, कोणती कुठली ते म्हाताऱ्यांना विचारून सोबत जोडले आहे, सबब भिंत विद्रूप. घंटेचा आवाज पवनारच्या रस्त्यापर्यंत जातो, सबब नागरिकांस उपद्रव. अठरा पानं झाली. इतक्या मनापासून मी सरकारी कागद कधी लिहिला नव्हता.

कागद मंजुरीसाठी नागपूरला गेला. महिन्याभरात तिकडचे एक वयस्कर साहेब स्वतः आले. माझा अहवाल हातात धरून ते चरांपाशी उकिडवे बसले, वासे ठोकून पाहिले, डांबराच्या रेघा माझ्या यादीशी ताडून पाहिल्या. मग नगराध्यक्षांना म्हणाले, "इतनी पुरानी चीज है, तोड काहे को रहे हो?" आणि माझ्याकडे वळून, "आपने बडी मोहब्बत से लिखा है."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

बंबघर राहिलं. गाळे दुसरीकडे गेले. त्या दसऱ्याला बंबाची पूजा झाली तेव्हा जमादाराने मला गर्दीतून हाताला धरून पुढे नेलं. त्याचे डोळे भरले होते, त्याने तर मला जास्तच चीड आली. "माह्या घरावरचं छप्पर या बाबूनं वाचोलं," तो लोकांना म्हणाला. "आजपासून दसऱ्याची घंटा घासाचा मान याचा."

आणि चिंचेचा गोळा पुन्हा माझ्या हातात.

मला हे घर तुझ्या डोक्यावर पाडायचं होतं, असं सणाच्या दिवशी सांगू? बाह्या सारल्या. समोर बायको उभी होती. "अवो," ती म्हणाली, "घरच्या भांड्याले तं कधी हात लागत नाई तुमचा."

जमादार निवृत्त होईपर्यंत दर दसऱ्याला मी ती घंटा घासली. पण आतल्या काठाला, जिथे कोणी वाकून पाहत नाही, बोटभर जागा दरवर्षी मुद्दाम सोडली. ती अजून काळी आहे.