सरकारी वकीलबाईंचा प्रश्न

आमच्या सत्र न्यायालयात एक सरकारी वकीलबाई आहेत. मी आरोपींच्या बाजूनं उभा राहतो, त्यामुळं आमची रोजची भांडणं. साक्षीदार घुटमळला की त्या चष्मा काढून म्हणतात, "सावकाश सांगा, पण खरं सांगा."

मुकुंदवाडीच्या एका मजुरावर चाकूहल्ल्याचा खटला होता, मी त्याचा वकील. एकमेव साक्षीदारानं कोर्टात त्याच्याकडं बोट दाखवलं. बाई तिथं थांबू शकल्या असत्या. त्यांनी चष्मा काढला. "मघाशी व्हरांड्यात मला काय म्हणालात, ते जजसाहेबांना सांगा."

साक्षीदार चपापला. "माणूस पाठमोरा व्हता, मॅडम. तोंड नाय दिसलं."

मजूर सुटला. जखमीचा भाऊ बाहेर बाईंना नाही नाही ते बोलला. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

मी म्हणालो, "मॅडम, केस घालवलीत."

"मला कळलं ते कोर्टाला कळायला नको?" एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

पुढं दुसऱ्या खटल्यात त्यांनी माझ्या अशिलाला जन्मठेप ठोठवायला लावली. त्याच्या आईनं मला विचारलं, "बाईनं काय दडवलं तर नसंल ना?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. ती खाली बसून रडू लागली. मी अपिलाचं बोलणार होतो, पण तिच्याशेजारी जाऊन बसलो.