ग्रहणात दाराशी आलेली बाई

मला सातवा महिना होता. सूर्यग्रहण लागलं तशी घरची माणसं रामकुंडावर स्नानाला गेली आणि मला धान्याच्या अंधाऱ्या खोलीत बसवून गेली. हललीस तर मूल व्यंग घेऊन जन्मेल, असं सासूबाईंनी बजावलं होतं. भीतीने मी अंगसुद्धा खाजवलं नाही. तेवढ्यात खिडकीखालीच हाक आली, "दे दान, सुटे गिराण!" मागणारी हटेचना. दिलं नाही तर तळतळाट लागेल, आणि उठले तर पोटातल्याचं काय? मेली नेमकी इथेच का उभी राहिली! शेवटी उठले, पसाभर तांदूळ घेऊन खिडकी किलकिली केली. बाहेर, उघड्यावर, माझ्याच वयाची एक बाई उभी होती. तिचं पोट माझ्याहून मोठं होतं.

"अगं, तुला भीती नाही वाटत?"

तिने पदर पसरला. "लय वाटती, बाई. पण लोक आजच देत्यात."