होडीचा वाटा

इथे आखातात, खोर फक्कानजवळच्या डोंगरात एक किल्ला आहे. खरा नव्हे, हॉटेलवाल्यांनी बांधलेला. बुरुजात खोल्या, दारात तोफ, मागे नेमबाजीचं मैदान आणि सकाळी बोटीतून मासेमारी, असं सगळं एका पॅकेजात. मला किल्ल्यांची हौस नाही. मी ते अब्बांसाठी बुक केलं.

माझे अब्बा रत्नागिरीकडचे, चाळीस वर्षं तांडेल. स्वतःची होडी, सहा खलाशी आणि शेवटचा शब्द त्यांचा. मागे त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता समुद्र बंद. ते हॉस्पिटलात असतानाच माझ्या भावाने होडीला गिऱ्हाईक आणलं आणि मी इथून, अल बर्शातून, फोनवर सांगितलं, "विकून टाक, खलास." अब्बांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर विकू दिली असती होय? घरी आल्यावर रिकामा किनारा बघून ते फक्त "बरं केलंत" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मासा तोंडात घातला नाही. आठ महिने. माझ्याकडे राहायला आले तरी वरणभातच. मी सुरमई तळली की तुकडा मुकाट्याने ताटाच्या कडेला सारायचे. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

किल्ला बघून म्हणाले, "समुद्राकडे पाठ करून किल्ला कोण बांधतो?" मैदानात माझ्या मुलीने छऱ्याच्या बंदुकीने पत्र्याच्या पक्ष्यांवर दहा नेम धरले, दहाही फुकट. "नाना, इट्स हार्डर दॅन इट लुक्स," ती कुरकुरली. "लागला असता तरी खाल्लं काय असतंस?" अब्बा म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून टोमणा ऐकत होते, मला तो गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर गेलो. कॅप्टन केरळचा, बोलायचा हिंदीत. त्याने सगळ्यांच्या हातात गळाच्या काठ्या दिल्या. अब्बांनी घेतली नाही. पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसले. तासभर एक मासा लागेना. म्हटलं, झालं, पैसे पाण्यात.

मग मान न वळवता ते म्हणाले, "त्याला सांग, पाण्यातल्या त्या काळ्या पट्ट्याच्या कडेने घे. खाली खडक आहे."

मी कॅप्टनला हिंदीत सांगितलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांच्या पाठीकडे, आणि बोट वळवली. थोड्या वेळाने अब्बांनी काठीबिठी न घेता नुसती दोरी मागून घेतली आणि हातानेच गळ सोडला. परतलो तेव्हा सात शेरी मासे होते आणि एक चांगला जाडजूड हमूर.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या अब्बा उकिडवे बसले आणि वाटे घालू लागले. दोन शेरी कॅप्टनला, दोन नातीला, दोन स्वतःला. उरलेला शेरी आणि हमूर वेगळे ठेवले. "हा होडीचा," म्हणाले.

आमच्याकडे होडीलाही वाटा असतो. तो मालकाला जातो, कारण तिचं सगळं तो बघतो. मी ते मासे कॅप्टनकडे सरकवले, तर तो हसला. बोट कंपनीची, मैं तो स्टाफ हूँ, म्हणाला.

"त्याचा नाही गो," अब्बा म्हणाले. "आज होडी कोणी आणली? भाड्याची का होईना, तू आणलीस. उचल."

मी वाटा तसाच ठेवला. आठ महिने मनात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं. "अब्बा, तुमची होडी मी विकायला लावली. तुम्हाला न विचारता. चुकलं माझं."

"ठाऊक आहे मला. उचल, ऊन लागतंय माशांना."

किल्ल्यातल्या आचाऱ्याला मी पर्समधला आपला मसाला दिला. हो, मी पर्समध्ये मसाला घेऊन फिरते, हसायचं त्याने हसावं. हमूर तळून आला. मी सवयीने अब्बांपुढे वरणभात ठेवला आणि मुलीला तुकडा वाढायला वळले.

अब्बांनी वरणाची वाटी बाजूला केली आणि रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.

"काय गो होडीवाले, तांडेलाला उपाशी ठेवतेस?"