मागच्या दारावरचं घरटं

चूक माझीच होती. फाल्गुनातल्या एका दुपारी मागच्या दाराच्या बाहेरच्या कडीला काहीतरी लोंबताना दिसलं. वाळकी पानं, कोळिष्टकं, कापूस आणि आमच्याच दुकानातल्या कापडाचे दोरे. चोचीत आणखी एक दोरा घेऊन शिंजिराची मादी आली, तेव्हा कळलं की हे घरटं आहे. अंगठ्याएवढा जीव, शेवग्याच्या फुलांतला मध पिऊन जगणारा. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले.

संध्याकाळपर्यंत सुरतेपासून जोधपूरपर्यंतच्या नातेवाइकांचे जोडलेले हात येऊन पडले. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्या दिवशी पानावर बसल्या बसल्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, सांगून टाकलं की पिल्लं उडेपर्यंत मागचं दार उघडायचं नाही. एकच फळी उघडली तर चालेल का, असं मी विचारलं. दार हललं की पाखरू अंडी सोडून जातं, त्याचं पाप कोण घेणार, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तापीकाठच्या या गावात आमचं कापडाचं दुकान पुढे आणि घर मागे. घरातून बाहेर पडायच्या वाटा दोनच. एक दुकानातून, दुसरी मागच्या दाराने परसात आणि तिथून गल्लीत. घरातल्या बायका मागूनच जातात. दुकानातून जाऊ नका असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. पण लग्नाला सात वर्षं झाली, सासूबाईंना मी एकदाही त्या बाजूने जाताना पाहिलं नव्हतं. मग मीही जात नव्हते. धुळ्यात स्कूटीवरून कॉलेजला जाणारी मी इतकी शहाणी कधी झाले, देव जाणे.

परसातली बाग माझी. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. महाशिवरात्रीच्या आधीच मी काकडीच्या बिया टाकल्या होत्या, बाजारात यायच्या आत घरची काकडी खायची म्हणून. कुंपणावर वेल चढला होता, पिवळी फुलं लागली होती. गवारीला कोवळ्या शेंगा होत्या, मोगऱ्याला कळ्या. आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना नाक लावून उभी.

होळी झाली तसं ऊन तापलं. खिडकीतून मी तांब्याने पाणी फेकायची, ते मोगऱ्यापर्यंत कसंबसं पोचायचं. काकडी पार पलीकडे. नवऱ्याला सांगितलं. त्याने दोन दिवस गल्लीतून जाऊन पाणी घातलं, तिसऱ्या दिवशी माल आणायला सुरतेला गेला आणि येताना बाग विसरून आला. पहाटे पुढून जावं तर शटर उघडायचं ते बाबूजींची पूजा झाल्यावर, आणि शटर वर गेलं की गिऱ्हाईक आत. सासूबाईंनी तर देवळात जाणंही बंद केलं, घरातच माळ घेऊन बसायला लागल्या. त्यांची काही तक्रार नव्हती, याचा मला जास्त राग यायचा.

मादी अंड्यांवर बसली. तिचा काळा तुकतुकीत नर शेवग्यावर येऊन ओरडायचा. खारी बिनधास्त काकडीची फुलं तोडायच्या. बुलबुल टोमॅटो फोडून अर्धा तसाच टाकून जायचे. सगळ्यांना माझ्या बागेत जायला वाट होती. आमच्या घरात मुंगीलाही वळसा घालून जातात, आणि मी आत कोंडलेली आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं. मला त्या पाखराचाही राग यायला लागला आणि त्याची लाज वाटली.

अठराव्या दिवशी सकाळी पाहिलं तर काकडीच्या वेलाची पानं माना टाकून लटकलेली. मी डोक्यावर पदर घेतला आणि दुकानाचं आतलं दार उघडलं.

पाच-सहा गिऱ्हाइकं होती. बाबूजी गादीवर गुडघे टेकून एका बाईला खण मोजून देत होते. त्यांनी मान वर केली. हातातला मीटर तसाच राहिला. मला वाटलं, आता बोलतील. मी चपलांच्या ढिगातून वाट काढत पायऱ्या उतरले. मागे त्यांचं मोजणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. बस, एवढंच झालं.

गल्लीतून परसात आले आणि नळ सोडला. अर्ध्याहून जास्त वेल गेलेला होता. बुडाशी मात्र हिरवा होता, आणि पानाखाली बोटाएवढी एक काकडी होती. मातीत बसून मी रडले. काकडीसाठी नव्हे. अठरा दिवस मला कोणीच अडवलं नव्हतं, म्हणून.

खिडकीत सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. घरात सगळ्यांशी त्या मारवाडीत बोलतात. पण माहेर शहाद्याकडचं, मनातलं बोलायचं झालं की अहिराणीत येतात. त्यांनी हळूच विचारलं, "दुकानमातून गयी?"

मी हो म्हणाले.

"बाबूजी काय बोलनात?"

"काहीच नाही बोलले."

त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले. या घरात येऊन त्यांना एकेचाळीस वर्षं झाली होती.

"इतला वरीस माले वाटे," त्या म्हणाल्या, "काहीतरी बोलतीन."