ताईने ओळखलेला माझा डावा हात

ताई जाऊन महिना झाला. खरं सांगते, मी तिच्यावर आयुष्यभर जळले. आम्ही दोघी एकाच कारखान्यात. मी खाली खोकी भरते. ती वर बसायची, रोबोट कागदावर असतानाच तो कुणाला कुठे इजा करेल ते शोधायची. पुठ्ठ्याचा रोबोट करून त्यात स्वतःची बोटं घालून बघायची. साहेब तिला उठून खुर्ची द्यायचे. मला कोण विचारतंय!

माझ्या टेबलाशेजारी रोबोट बसवायचं ठरलं तेव्हा ती वही घेऊन आली.

"चिमे, खोकं अडकलं की कसं काढतेस?"

"आधी मशीन बंद करते," मी ठोकून दिलं. तिच्यापुढे चूक कोण कबूल करणार?

"लहानपणी चालू पंख्यात पेन्सिल घालणारी तू, तीही डाव्या हाताने! मला सांगतेस होय?" ती हसली, काहीतरी लिहून गेली.

काल रोबोटपाशी खोकं अडकलं. सवयीने, मशीन बंद न करताच, डावा हात आत गेला. रोबोट जागच्या जागी थांबला.

फोरमन म्हणाला, "डावीकडचा सेन्सर ताईंनी भांडून घालून घेतला. सगळे नको म्हणत होते."

हात शाबूत आहे. बघा, गेली तरी तीच बरोबर ठरली. आता मी जळू तरी कुणावर?