स्केटला लागून गेलेला गोल

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहून टाकते.

मी बल्लारपूरला घरी बसून परदेशातल्या आइस हॉकीच्या मॅचचे आकडे भरते. कोणी किती शॉट मारले, गोलकीपरने किती अडवले, एवढंच काम. बाबा चहा घेत शेजारी बसून बघतात.

आज एका गोलकीपरने जिवाच्या आकांताने एकामागून एक शॉट अडवले. शेवटच्या मिनिटाला रबरी चकती त्याच्याच साथीदाराच्या स्केटला लागून वळली आणि आत गेली. संघ हरला.

"याच्यात त्याची काय गलती?" बाबा चिडले.

काहीच नाही. पण फॉर्ममध्ये तो गोल कीपरच्याच नावावर टाकावा लागतो. मी खाली शेरा लिहिला, 'नशिबाचा गोल, कीपरचा दोष नाही.'

दहा मिनिटांत कंपनीच्या साहेबांचा फोन. "शेरा काढा. नशीब मोजता येत नाही."

पुढच्या मोसमात त्याला संघात ठेवायचं की नाही, हे ठरवताना संघवाले हेच आकडे बघतात. माहीत असूनही मी शेरा पुसला.

"मंग तू मिटवलं काऊन?" बाबांनी विचारलं.

मी पुढच्या मॅचचा फॉर्म उघडला. तुम्ही काय केलं असतं?